वाचणारा, ऐकणारा आणि अर्थाचा धनी : घरातील प्रकटवाचनाविषयी

वाचककेंद्री समीक्षेने 'वाचक' ही संज्ञा मराठी समीक्षाव्यवहारात रुजवली, तेव्हा त्या संज्ञेबरोबर एक चित्रही रुजले. हा वाचक एकटा असतो, त्याच्या हाती छापील पुस्तक असते, त्याचे ओठ मिटलेले असतात आणि संहितेतील मोकळ्या जागा तो मनातल्या मनात भरीत असतो. वोल्फगांग इझर याने १९७२ मध्ये मांडलेली अभिप्रेत वाचकाची संकल्पना बन्यनपासून बेकेटपर्यंतच्या कथनात्मक गद्याच्या आधारे घडली होती. त्या गद्याचा वाचक असा एकाकी असणे स्वाभाविकच होते. मराठीत ही संकल्पना आली तेव्हा मात्र ती जणू सर्वच वाचनाला लागू पडते असे गृहीत धरले गेले. 'श्रव्य काव्य' अशी कोटी ज्या काव्यशास्त्रपरंपरेने निर्माण केली, त्या परंपरेचा वारसा सांगणाऱ्या समीक्षेनेही 'श्रव्य' हा शब्द केवळ वर्गीकरणापुरता ठेवला आणि कान या इंद्रियाचा विचार नाट्यसमीक्षेकडे सोपवून दिला.

या गृहीतकामुळे वाचनाचा एक मोठा प्रदेश साहित्यविचाराच्या बाहेर पडला. घरात आईवडिलांनी मुलांना किंवा मुलांनी आईवडिलांना वाचून दाखवणे हा तो प्रदेश. त्याची चर्चा होते ती शिक्षणशास्त्रात, भाषाविकासाचे साधन म्हणून; किंवा पालकांसाठी लिहिलेल्या लेखांत, जिव्हाळ्याचा विषय म्हणून. दोन्ही ठिकाणी त्याचे रूप ठरलेले असते : मोठे माणूस वाचते, मूल ऐकते, निजण्याची वेळ असते, मुलाला पुस्तकाची गोडी लागावी हा हेतू असतो. हे रूप खोटे नाही. पण मराठी घरांतील प्रकटवाचनाचा इतिहास पाहू लागले की या रूपाची दिशा उलटी झालेली दिसते. जेथे घरात पहिले साक्षर माणूस मूल हेच होते, तेथे वाचणारे मूल असे आणि ऐकणारी मोठी माणसे असत. ही उलटी दिशा केवळ सामाजिक इतिहासातील तपशील नाही. 'वाचक' या संज्ञेत आपण जी कार्ये एकत्र बांधून ठेवली आहेत ती या प्रसंगात सुटी होतात. संहितेला आवाज देणे हे एक कार्य, ती ऐकणे हे दुसरे आणि तिचा अर्थ काय हे ठरवण्याचा अधिकार हे तिसरे. मौनवाचनात ही तिन्ही एकाच व्यक्तीत असतात, म्हणून ती तीन आहेत हे लक्षातच येत नाही.

पोथीवाचनाचे उदाहरण घ्यावे. चातुर्मासात घरी पोथी लावण्याची प्रथा महाराष्ट्रात सर्वदूर होती आणि काही घरांत अद्यापही आहे. श्रीधरांचे 'हरिविजय', 'रामविजय', 'पांडवप्रताप' आणि 'शिवलीलामृत', महिपतींचे 'भक्तिविजय' हे या वाचनाचे नित्याचे ग्रंथ. ओवीची रचना डोळ्यांसाठी नाहीच. तिचे चरण श्वासाच्या मापाने पडतात. शिवाय हे ग्रंथ पावलोपावली श्रोत्यांना संबोधतात, त्यांना सावध करतात, अध्याय संपताना त्यांचा निरोप घेतात आणि श्रवणाचे फळ सांगतात. आता या संबोधनाचा उच्चार शाळेत जाणारे दहा वर्षांचे मूल करते आणि समोर आजी, आई, शेजारच्या दोन बायका बसलेल्या असतात, तेव्हा काय घडते? कवीचा अधिकारवाणीचा स्वर मुलाच्या कंठातून येतो. वडीलधाऱ्या माणसांना सावध होऊन ऐकायला सांगण्याची मुभा त्या मुलाला एरवी कधीही मिळणार नसते. पण हा अधिकार उच्चारापुरताच असतो. एखाद्या कथेचे तात्पर्य काय, कोणत्या प्रसंगी हात जोडावयाचे, कोठे डोळ्यांना पदर लावावयाचा हे श्रोत्यांनी आधीच ठरवलेले असते. मूल जे वाचते त्याचा धनी ते स्वतः नसते. गोव्यातील कोंकणीभाषी हिंदू घरांत ही फारकत भाषेच्याही पातळीवर दिसते : पोथी मराठीत वाचली जाते आणि तिच्याविषयीचे बोलणे कोंकणीत होते.

उच्चार आणि अर्थ यांची फारकत किती टोकाला जाऊ शकते हे पंडिता रमाबाईंच्या बालपणावरून कळते. अनंतशास्त्री डोंगरे यांचे कुटुंब तीर्थक्षेत्रांतून फिरत पुराणवाचनावर निर्वाह करीत असे. १८५८ मध्ये गंगामूळच्या अरण्यात जन्मलेल्या रमाबाईंना वयाच्या आठव्या वर्षापासून संस्कृत शिकवले ते त्यांच्या आईने, लक्ष्मीबाईंनी, आणि तेही मुखाने. पुढे आईवडिलांबरोबर मुलेही पुराणे वाचू लागली. १९०७ मध्ये लिहिलेल्या आत्मनिवेदनात रमाबाईंनी या व्यवसायाचे वर्णन केले आहे. त्या शब्दांच्या श्रवणातच पुण्य मानलेले असल्याने श्रोत्यांना ते समजावून देणे आवश्यक मानले जात नसे, हे त्यांनी अलिप्तपणे नोंदवले आहे. या कुटुंबाला घर असे नव्हते. त्यांचे 'घरातील' वाचन देवळांत आणि नदीकाठी चाले. तरी आईकडून मुलीकडे आलेला आवाज हा त्या वाचनाचा गाभा होता. आईवडील १८७४ मध्ये, दुष्काळाच्या काळात, निवर्तले. १८७८ मध्ये कलकत्त्याला पोहोचलेल्या रमाबाईंनी स्त्रियांपुढे व्याख्याने देण्यासाठी धर्मशास्त्राचे ग्रंथ स्वतःसाठी वाचले, तेव्हा स्त्रियांना हीन लेखण्याबाबत त्या ग्रंथांचे किती एकमत आहे हे त्यांना प्रथम जाणवले. म्हणजे अशा ग्रंथांची भाषा वर्षानुवर्षे उच्चारणारी व्यक्ती त्यांची अर्थकर्ती झाली ती आईवडिलांच्या मागे, दुसऱ्या शहरात. आवाज आणि अर्थ यांची गाठ तेथे पडली.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या बालपणात हीच गाठ घरातच आणि वडिलांसमोरच पडली. म्हणून प्रकटवाचनाच्या विचारात त्यांच्या आठवणीइतका मोलाचा दुसरा पुरावा क्वचितच असेल. 'द बुद्ध अँड हिज धम्म' या ग्रंथासाठी त्यांनी १९५६ मध्ये प्रस्तावना लिहिली. १९५७ च्या पहिल्या आवृत्तीत ती छापली गेली नाही. तिच्यात ते सांगतात की सुभेदार रामजी हे कबीरपंथी असूनही मुलांना, म्हणजे भीमराव आणि त्यांचे वडील बंधू यांना, रोज रात्री निजण्यापूर्वी महाभारत व रामायण यांतील काही भाग वाचावयास लावीत. ऐकायला बहिणी असत आणि कथेसाठी घरी जमलेली इतर माणसे असत. हे अनेक वर्षे चालले. निजण्यापूर्वीचे वाचन म्हटले की आज जे चित्र डोळ्यांपुढे येते त्याच्याशी हे ताडून पाहावे. वेळ तीच आहे, घर तेच आहे. पण वाचणारी मुले आहेत, वाचन आज्ञेने होत आहे, श्रोतृवर्ग घराबाहेरचाही आहे आणि मुलाला झोप लागावी हा हेतू तर मुळीच नाही.

पुढची हकीकत अधिक महत्त्वाची. इंग्रजी चौथीची परीक्षा उत्तीर्ण झाल्यानिमित्त भरलेल्या सभेत कृष्णाजी अर्जुन केळुस्कर यांनी आपले बुद्धचरित्र भीमरावांना भेट दिले. ते वाचून झाल्यावर मुलाने वडिलांना विचारले की आपल्याला अप्रतिष्ठा देणारे हे ग्रंथ तुम्ही आमच्याकडून का वाचून घेता? पहिल्यांदा वडिलांनी हा प्रश्न पोरकट म्हणून झिडकारला. काही दिवसांनी तोच प्रश्न पुन्हा आला, तेव्हा त्यांनी उत्तर दिले. अस्पृश्य म्हणून जन्मलेल्या मुलांच्या मनात न्यूनगंड निर्माण होण्याचा धोका असतो. द्रोण, कर्ण आणि वाल्मीकी हे लहान ठिकाणाहून किती उंचीला गेले हे कळले की तो गंड जाईल, असा त्या उत्तराचा आशय होता. मुलाला या युक्तिवादात तथ्य वाटले, समाधान मात्र झाले नाही. भीष्म, द्रोण, कृष्ण, राम यांपैकी कोणीच आपल्याला आवडत नाही असे त्याने कारणांसह सांगितले. वडील गप्प राहिले.

या प्रसंगाकडे सामान्यतः चरित्रकार पाहतात ते बंडाची पहिली ठिणगी म्हणून. समीक्षेने तो वेगळ्या अंगाने पाहावयास हवा. रामजी सकपाळ हे येथे अर्थाचे धनी आहेत आणि त्यांचे अर्थनिर्णयन परंपरेला शरण गेलेले नाही. द्रोणाला आणि कर्णाला 'लहानांतून मोठे झालेले' म्हणून वाचणे ही स्वतंत्र, हेतुपूर्वक केलेली निवड आहे. कथानकाचा मध्य हलवून कडेच्या व्यक्तिरेखांवर आणण्याची ही रीत आजच्या समीक्षेला चांगलीच परिचयाची आहे. मात्र त्यांनी तो अर्थ विचारल्याशिवाय सांगितला नव्हता. मुलांनी वाचत राहावे, अर्थ आपोआप उतरेल, असा त्यांचा विश्वास असावा. मुलाच्या बाजूने पाहिले तर रोज रात्री तो शूर्पणखेची, वालीची, सीतेची कथा स्वतःच्या आवाजात लोकांपुढे मांडत होता. ज्या विधानाशी आपण सहमत नाही ते आपल्याच तोंडून, आपल्याच बहिणींच्या कानांवर घालावे लागणे, ही अवस्था मौनवाचकाच्या वाट्याला येत नाही. मौनवाचक नावडते पान उलटू शकतो. प्रकटवाचकाला पान उलटता येत नाही, कारण समोर माणसे बसलेली असतात. नकार साचतो तो येथे.

अर्थात, पोथी वाचणाऱ्या प्रत्येक मुलाच्या मनात नकार साचला असे म्हणणे भाबडेपणाचे होईल. असंख्य मुलांनी वाचले, पुण्य मिळाल्याचे समाधान घेतले आणि पुढे तीच पोथी स्वतःच्या मुलांच्या हाती दिली. आंबेडकरांच्या बाबतीतही केळुस्करांचे पुस्तक हाती आले नसते तर प्रश्न त्याच वेळी ओठांवर आला असता की नाही, हे सांगता येणार नाही. तेवढा जपून बोललेला निष्कर्ष असा की उच्चार आणि अर्थाचा अधिकार यांत अंतर ठेवणारी वाचनपद्धती प्रश्नाला जागा ठेवते. ती जागा भरली जाईलच असे नाही. आईने वाचावे, आईनेच अर्थ सांगावा आणि मुलाने ऐकावे या आधुनिक रीतीत मात्र दोन्ही अधिकार एकाच बाजूला जातात. तिच्यात माया अधिक आहे यात शंका नाही. प्रश्नाला जागा किती आहे याचा विचार तिच्या पुरस्कर्त्यांनी फारसा केलेला दिसत नाही.

घरोघरच्या वाचनरीती एकसारख्या नसतात हे अमेरिकेत शर्ली ब्राइस हीथ यांनी १९८३ च्या 'वेज विथ वर्ड्स' या ग्रंथात दाखवले. कॅरोलायना प्रांतांतील दोन कामकरी वस्त्यांचा त्यांनी दीर्घकाळ अभ्यास केला. रोडव्हिल या गोऱ्यांच्या वस्तीत मुलांना निजताना गोष्टी वाचून दाखवत; ट्रॅक्टन या कृष्णवर्णीयांच्या वस्तीत ही रीत नव्हती. पण ट्रॅक्टनमध्ये वाचन नव्हते असे नाही. आलेले पत्र, वर्तमानपत्रातील मजकूर पडवीत सर्वांसमक्ष मोठ्याने वाचला जाई आणि त्याचा अर्थ काय यावर सगळे मिळून बोलत. एकट्याने वाचत बसणे तेथे चमत्कारिक मानले जाई. आपल्याकडील ओसरीवरच्या पोथीशी याचे साम्य उघड आहे, आणि भेदही : ट्रॅक्टनच्या पडवीत अर्थ वाटाघाटीने ठरे, आपल्या ओसरीवर तो बहुधा ठरलेलाच असे.

मुद्रित बालसाहित्याच्या काळात हा प्रश्न नव्या रूपात येतो. साने गुरुजींनी १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात लिहिलेली 'श्यामची आई' ही मराठी घरांत मोठ्याने वाचल्या गेलेल्या गद्यकृतींत अग्रभागी असावी. तिची बांधणीच ऐकण्याची आहे. आश्रमात प्रार्थनेनंतर श्याम सोबत्यांना आठवणी सांगतो; प्रकरणांना प्रकरणे न म्हणता रात्री म्हटले आहे आणि अशा बेचाळीस रात्री आहेत. भावविवशता हा या पुस्तकावरचा नेहमीचा आक्षेप. तो घेताना समीक्षकाने पुस्तक मनात वाचलेले असते. घरात ते वाचले जाते तेव्हा कोण कोणाला वाचून दाखवतो यावर त्याचा स्वर पालटतो, इकडे लक्ष गेलेले नाही. निवेदक प्रौढ श्याम आहे, विषय दिवंगत आई आहे. हे निवेदन मूल आईला वाचून दाखवते तेव्हा ते जवळजवळ कबुलीजबाब होते. श्यामचे अपराध त्या मुलाच्या तोंडी प्रथमपुरुषात येतात. आई मुलाला वाचून दाखवते तेव्हा चमत्कारिक कोंडी होते. मुलाचा पश्चात्ताप आईला उच्चारावा लागतो आणि आईचे माहात्म्यही आईलाच गावे लागते. कित्येक आया हे पुस्तक वाचताना मध्येच थांबतात किंवा पुस्तक मुलाच्या हाती देतात, याचे कारण दाटून आलेला कंठ एवढेच नसावे. वडिलांनी 'अळणी भाजी' वाचावयास घेतली तर आणखीच गंमत. पत्नीला वाईट वाटू नये म्हणून मीठ नसलेली भाजी मुकाट्याने खाणाऱ्या पुरुषाची ती कथा वडिलांनी मोठ्याने वाचली, की स्वयंपाकघरातून जी प्रतिक्रिया येते ती कोणत्याही प्रतिसादसिद्धान्तात बसणारी नाही.

बार्बरा वॉल यांनी १९९१ मध्ये 'द नॅरेटर्स व्हॉइस' या ग्रंथात बालकथेतील निवेदकाच्या संबोधनाचे तीन प्रकार मानले. केवळ मुलाशी बोलणारा निवेदक. मुलाशी बोलता बोलता त्याच्या डोक्यावरून मोठ्यांकडे पाहून डोळा मिचकावणारा. आणि मूल व मोठे माणूस यांना एकाच वेळी, एकाच सुरात सामावून घेणारा. हा भेद उपयुक्त आहे, तथापि तो संहितेच्या आत शोधलेला आहे. प्रत्यक्ष वाचनात तिसऱ्या व्यक्तीचा आवाज मध्ये येतो, आणि निवेदकाने न मिचकावलेला डोळा वाचणारा मिचकावू शकतो.

मराठीच्या बाबतीत या आवाजाला आणखी एक पेच पडतो, तो लेखी आणि बोली रूपांचा. 'केले', 'गेले', 'घरे' असे छापलेले असते. घरात 'केलं', 'गेलं', 'घरं' असे बोलतात. ही झाली प्रमाणभाषेच्या आतली गोष्ट. वऱ्हाडी, अहिराणी किंवा मालवणी बोलणाऱ्या घरात अंतर याहून कितीतरी मोठे. मुलाला वाचून दाखवणारी आई हे अंतर वाचता वाचता मिटवते. ती क्रियापदे बदलते, कठीण शब्दाऐवजी घरातला शब्द घालते, लांब वाक्य दोन ठिकाणी तोडते. तिने वाचलेली संहिता कोठेही छापलेली नसते. माधुरी पुरंदरे यांच्या 'राधाचं घर' या पुस्तकांचे शीर्षकच बोली रूपात आहे, आणि आपल्या घरातल्या माणसांविषयी बोलणाऱ्या राधेची वाक्ये वाचताना काहीही बदलावे लागत नाही. या लेखनाचे कौतुक करताना साधेपणा, सहजता असे शब्द वापरले जातात. त्यापेक्षा असे म्हणणे नेमके ठरेल की आई एरवी जे भाषांतर गुपचूप करते ते येथे लेखिकेने आधीच करून ठेवले आहे. मात्र ते ज्या बोलीत केले आहे ती शिष्ट मराठीचीच बोली आहे. नंदुरबारच्या किंवा गडचिरोलीच्या घरातील आईचे काम त्यामुळे संपत नाही.

पण तेथील पुष्कळ घरांत पुस्तक म्हणून जे असते ते पाठ्यपुस्तकच, आणि प्रकटवाचन म्हणजे 'मोठ्याने वाच' ही सूचना. ही सूचना देणाऱ्या पालकाला स्वतःला वाचता येत नसले तरी मूल अडखळते आहे की नाही एवढे कानाला कळते. 'प्रथम' या संस्थेच्या पुढाकाराने २००५ पासून होणाऱ्या 'असर' या ग्रामीण सर्वेक्षणाची पाहणी शाळेत न होता घरी होते, हे या दृष्टीने अर्थपूर्ण आहे. पाच ते सोळा वर्षांच्या मुलांपुढे अक्षरे, शब्द, पहिलीच्या पातळीचा उतारा आणि दुसरीच्या पातळीचा उतारा ठेवला जातो आणि ती ते मोठ्याने वाचतात. दारात कार्यकर्ता, मागे घरची माणसे आणि मध्ये वाचणारे मूल : आकृतिबंध पोथीचाच. येथेही मूळ कसोटी उच्चाराची आहे. या सर्वेक्षणाने देशाचे लक्ष एका गंभीर प्रश्नाकडे वेधले, हे खरेच. तरीही 'वाचता येते' या शब्दप्रयोगाचा अर्थ आपल्या समाजात अजून 'मोठ्याने वाचता येते' असाच का आहे, हा प्रश्न शिक्षणशास्त्राइतकाच साहित्यविचाराचाही आहे.

ऐकणाराचा विचार अद्याप राहिला. तो निष्क्रिय असतो ही समजूत पोथीच्या आणि चित्रपुस्तकाच्या, दोन्ही ठिकाणी चुकीची ठरते. अक्षरओळख नसलेल्या आजीला 'शिवलीलामृता'चा अकरावा अध्याय तोंडपाठ असे. नातवाने ओवी गाळली किंवा शब्द चुकवला की डोळे मिटून बसलेली ती हात वर करून त्याला थांबवी. तीन वर्षांचे मूलही तेच करते. दमलेल्या आईने रोजच्या पुस्तकातील एक पान गाळले, 'मोठ्ठा' या शब्दाऐवजी नुसते 'मोठा' म्हटले, की ते तिचे बोट धरून पुन्हा त्या पानावर आणते. दोघांनाही वाचता येत नाही आणि दोघेही संहितेची शुद्धता राखण्यात वाचणाऱ्याहून काटेकोर आहेत. फरक आहे तो कारणांत. आजीच्या दृष्टीने शब्द बदलला तर पुण्य उणावते. मुलाचे कारण काय असते, त्याला काय हरवल्यासारखे वाटते, याचे उत्तर मिळवावयाचे तर समीक्षकाला पुस्तक मिटून त्या खोलीत बसावे लागेल आणि आई तेच पान दुसऱ्यांदा कसे वाचते ते ऐकावे लागेल.